सायकलची वरात

आमच्या साडूंनी ॲरिझोनाहून फोटो पाठवला. फोटोत पुढे घर होतं. चाकांचं घर, आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. घराच्या मागे लोखंडी दांडीने जोडलेली त्यांची मोटार, आणि मोटारीच्या मागे काहीच नव्हतं. तेच त्यांचं दुःख. खाली मजकूर होता: ‘इथे दोन सायकली लावायच्या आहेत. रॅक कुठला घ्यावा? तुम्ही इंजिनिअर, शिवाय सायकलवाले. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.’

साडूने हे शेवटचं वाक्य आयुष्यात एकदा लिहिलं तरी माणूस भरून पावतो. माझं इंजिनिअरिंग पाटबंधाऱ्यातलं आणि माझं सायकलवालेपण चार महिन्यांचं, या दोन्ही गोष्टी मी त्यांच्या लक्षात आणून दिल्या नाहीत. ‘अभ्यास करून कळवतो’ एवढंच लिहिलं, आणि खरोखरच तीन रात्री अभ्यास केला.

तिकडे मोटरहोममागे ओढत न्यायच्या मोटारीला ‘टोड’ म्हणतात. ‘ओढलेली’ आणि ‘बेडूक’ यांचा उच्चार त्यांच्याकडे एकच. घर एका जागी टेकवायचं आणि दूध आणायला बेडकात बसून जायचं, अशी व्यवस्था. सायकली घर आणि बेडूक यांच्या मधल्या जागेत टांगायचा मोह होतो, पण वळणावर ते दोघे एकमेकांच्या अंगाशी येतात आणि मधल्या सायकलींचा पापड होतो. म्हणून सायकली बेडकाच्याही मागे. तिथे हेलकावा जबर. खड्डा पुढच्या चाकाला लागतो आणि त्याची शिक्षा शेपटाला होते. त्यामुळे ओढत न्यायच्या गाडीला रॅक लावलात तर काही रॅकवाले हमीच देत नाहीत. आणि चालवणारा इतका पुढे बसलेला असतो की मागची सायकल पडली काय आणि राहिली काय, त्याला कॅमेऱ्याशिवाय कळणार नाही.

हे सगळं मी साडूंना मुद्देसूद लिहून पाठवलं. त्यांनी ते मानलं, रॅक घेतला, आणि लिहिलं, ‘तुमच्याकडे कुठला आहे?’

आता आली पंचाईत. माझ्याकडे रॅक नव्हता. माझ्याकडे घर होतं ते कोथरूडला चौथ्या मजल्यावर, त्याला चाकं नव्हती. आपल्या सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे हे मला ठाऊक होतं, पण धोरणामागे सायकल लावता येत नाही. शिवाय आपल्याकडे दुसऱ्या गाडीने ओढायची मोटार ही बंद पडलेली किंवा अर्धवट जोडलेली असावी लागते, नाहीतर मग नोंदणी झालेला ट्रेलर. चांगली धडधाकट मोटार मजेखातर ओढत नेणं आपल्या नियमात बसत नाही. आपल्या कायद्याला बिघाड समजतो, हौस समजत नाही. तेव्हा साडूंच्या वरातीतलं घर आणि बेडूक दोन्ही वजा करून माझ्या वाट्याला उरली ती एक छोटी हॅचबॅक, एक सायकल आणि पळसदरी.

पळसदरीला आमचं मूळ घर. आई तिथेच राहते. सायकल तिथे न्यायची, तळ्याकडे, मठाकडे रपेट मारायची, हा बेत सायकल घेतल्या दिवसापासूनचा. एकवीस गिअरची सायकल. तिला मडगार्ड नाही, घोडा नाही, चेनकव्हर नाही, घंटीसुद्धा वेगळी विकत घ्यावी लागली. आणि कॅरिअर नाही. आमच्या लहानपणी कॅरिअर सायकलला असायचं, त्यावर तांदळाचं पोतं, धाकटा भाऊ, आजारी कोंबडी, काहीही जायचं. आता ज्या सायकलवर एक पेरूसुद्धा नेता येत नाही, ती नेण्यासाठी मोटारीला कॅरिअर लावायचं होतं.

कॅरिअर तीन जातींचे निघाले. पहिला टपावरचा. सायकल अशी डोक्यावर मिरवताना फार राजेशाही दिसते, पण चौदा किलोंचं धूड खांद्याच्या वर उचलून धरायचं आणि त्याच वेळी खाली बघून खोबणीत बसवायचं, हे स्पाँडिलायटिस असलेल्या माणसाचं काम नाही. शिवाय वर सायकल आहे हे विसरून लोक पार्किंगच्या कमानीत शिरतात. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. दुसरा हुकावरचा, साडूंसारखा. त्याला गाडीच्या पोटाखाली भक्कम हुक लागतो, तो माझ्या गाडीला नाही. तिसरा पट्ट्यांचा. डिकीच्या दाराला सहा पट्ट्यांनी घट्ट बांधायचा.

एका नामांकित कंपनीचं नाव सगळीकडे दिसत होतं: थुले. मला आधी वाटलं, कोणी आपल्यातलेच. थुले, ढोले, घुले. कोण्या उद्योगी थुल्यांनी भोसरीत शेड टाकली असणार म्हणून ऊर भरून आला. मग कळलं की ते स्वीडनचे, 1942 सालचे, उच्चार ‘टूली’, आणि धंद्याची सुरुवात त्यांनी मासे धरायच्या सापळ्यांपासून केली होती. तो उच्चार कळल्यावर मी दुकानदाराला दोनदा दुरुस्त केलं. नंतर किंमत कळली, आणि मी शेजारच्या काउंटरवरचा, ज्याला नावच नव्हतं, असा एक घेतला.

‘अहो,’ बायको म्हणाली, ‘हिचं पुढचं चाक निघतं ना? मागची सीट पाडली तर आतच मावेल की.’

मावली असती. मला माहीत होतं. मी टेपने मोजलंही होतं, ती अंघोळीला गेली असताना. पण आत ठेवली तर ती दिसणार कोणाला? सायकलसाठी मी जे पैसे मोजले त्यातले निम्मे आरोग्याचे होते, उरलेले निम्मे दिसण्याचे. तिला मात्र मी असं सांगितलं की चेनचं तेल सीटला लागेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही बोलली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात ‘काही बोलली नाही’ याचे चौदा अर्थ मी शिकलो आहे. हा त्यातला सहावा.

जुलैतल्या एका शनिवारी वरात निघाली. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर सायकलला बंदी आहे. तीच सायकल माझ्या गाडीच्या पाठीवर बसून तिथून ऐटीत चालली होती. पट्ट्यांच्या सैल टोकांतून वारा असा काही सूर धरत होता की बायकोने रेडिओ बंद केला. तिला वाटलं तो रेडिओच आहे. लोणावळ्याच्या अलीकडे एका खाकीतल्या गृहस्थांनी बाजूला घेतलं. सायकलच्या चाकाने नंबरप्लेट आणि एक मागचा दिवा झाकला होता. ‘साहेब, गाडीचा नंबर काय?’ मी सांगितला. ‘मला नको, तिला सांगू द्या,’ ते म्हणाले आणि प्लेटकडे बोट केलं. मुद्दा बिनतोड होता. पावती झाली. तीन रात्रींच्या अभ्यासात मी हेलकाव्याचं गणित केलं होतं, पण नंबरप्लेट माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

घाट उतरताना धुकं होतं. रेल्वे दिसत नव्हती, पण कुठूनतरी घरघर आली आणि मी बायकोला बँकरविषयी सांगू लागलो. हे मी तिला दरवेळी सांगतो. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत. तिला ती सोय नव्हती.

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती काही केवळ दिवाडकरांच्या वड्यासाठी नव्हे. तिथे तिच्या मागे बँकर लागतात, म्हणजे ढकलणारी इंजिनं. बोरघाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. पुढचं इंजिन एकटं तो चढू शकत नाही, म्हणून मागून रेटा द्यावा लागतो आणि लोणावळ्याला पोचलं की हे सुटून मुकाट परत येतात. हा रेल्वेमार्ग 1863 साली पुरा झाला. घाटात वीज आली 1930च्या आसपास आणि तेव्हा स्वित्झर्लंड-इंग्लंडमध्ये बनलेली एक जात आली: मधे धड, दोन्हीकडे लांब नाक, आणि वळणावर सांध्यात वाकणारी. परदेशात या जातीला मगर म्हणत. आपल्या माणसांनी तिला बघितलं, तिचं ते उभ्या जागी कण्हणं ऐकलं आणि नाव ठेवलं ‘खेकडा’. मगर हे नाव ज्याने ठेवलं त्याने ती फक्त बघितली असणार. तिच्यासोबत रात्रपाळी केलेला माणूस खेकडाच म्हणेल. त्यातला एक खेकडा, सर लेस्ली विल्सन या मुंबईच्या गव्हर्नराचं नाव मिरवणारा, आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे. मी तिथे गेलो होतो तेव्हा त्याच्या आडव्या दांड्यांना हात लावून बघितला. रखवालदाराने शिट्टी मारली.

माझे बाबा बँकरवर असिस्टंट होते. लहानपणी मला फार वाईट वाटायचं की आपले बाबा पुढच्या इंजिनात का नाहीत. शाळेत मुलं विचारत, ‘तुझा बाप डेक्कन क्वीन चालवतो?’ मी सांगायचो, ‘ढकलतो.’ त्यावर वर्ग हसायचा. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘हसू देत. घाटात सोडून दिली तर कोण हसतं बघू.’

‘झालं?’ बायको म्हणाली. खोपोली आली होती.

खोपोलीहून कर्जतच्या रस्त्याला लागलो. पावसाची झड होती, दोन्हीकडे भातलावणी चाललेली. रस्त्याचं डांबर ज्या ठिकाणी होतं त्या ठिकाणी चांगलं होतं. समोर एक माणूस सायकलवर चालला होता. काळी, जुनी, मोठ्या चाकांची सायकल. पाठीमागे कॅरिअरवर खताची गोणी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, हँडलला डबा. समोरून डंपर येत होता, मागून मी. मी हॉर्न दिला. एकदा नाही, तीनदा.

तो उतरला. सायकल घेऊन रस्त्याखालच्या चिखलात उभा राहिला, एक हात सीटवर, एक हँडलवर. डंपरने त्याच्यावर पाणी उडवलं आणि उरलेलं मी उडवलं. पुढे गेल्यावर आरशात बघायला गेलो तर आरशात माझीच सायकल आडवी आली होती. बाजूच्या आरशात तो दिसला. तो माझ्या सायकलकडे बघत होता. चिडून नाही. नवीन वस्तू बघतात तसं.

कर्जतहून पाळी संपवून बाबा याच रस्त्याने यायचे. कधी मी बरोबर असायचो, दांडीवर, टॉवेल गुंडाळलेला. मागून ट्रक आला की ते ‘उतर’ म्हणायचे आणि आम्ही दोघं असेच कडेला उभे राहायचो. पाणी उडालं की ते आधी माझं तोंड पुसायचे, मग सीट, मग स्वतःचं. त्यांच्या सायकलला गिअर नव्हता. ते कोणालाही शिवी देत नसत, याचा मला तेव्हा राग यायचा. त्या दिवशी पुन्हा आला, आणि या वेळी त्याला धरायला माणूसही सापडला; तो स्टिअरिंगला बसला होता. गाडी थांबवून मागे जावं असं मला वाटलं. गेलो नाही. काय बोलणार होतो?

आई ओटीवर उभीच होती. गाडी अंगणात शिरली तशी तिने मागून एक फेरी मारली, पट्टे बघितले, चिखलाने माखलेली सायकल बघितली.

‘कुठे बंद पडली रे?’

‘बंद नाही पडली, आई. आणली आहे.’

‘मग बांधून का आणलीस?’

मी तिला आरोग्य, रपेट, वीकेंड असं काहीबाही सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. ‘तुझे बाबा कर्जतहून इथे चालवत यायचे,’ ती म्हणाली, ‘पुण्याहून नसेल जमत.’ मग तिने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मठापर्यंत जाऊन आलो. एकवीसपैकी दोन गिअर वापरले, ते दोन्ही सर्वांत हलके. खोपोली-लोणावळा हा घाट मुंबई-पुणे सायकल शर्यतीतले स्पर्धक चढतात आणि त्यातल्या पहिल्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. मी मठाकडच्या चढावर उतरून सायकल हातात धरून चाललो, तेव्हा एका शाळकरी मुलीने घंटी वाजवून मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झालो.

परत निघताना कॅरिअरचा एक हुक वाकलेला सापडला आणि डिकीच्या रंगावर दोन लांब ओरखडे. मी पट्ट्यांशी झटापट करत होतो. बायको आली, पुढच्या चाकाची कळ उघडली, चाक काढलं, मागची सीट पाडली आणि सायकल आत सरकवली. चेनखाली तिने आईची जुनी सतरंजी घातली होती. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील. तिने तेव्हाही काही म्हटलं नाही. हा चौदावा.

कॅरिअर सध्या कोथरूडला माळ्यावर आहे. पट्टे सहा, हुक पाच. फक्त एकदा वापरलेला. कोणाला हवा असेल तर अर्ध्या किमतीत देईन. नंबरप्लेट मात्र ज्याची त्याने सांभाळावी. साडूंचा परवाच नवा फोटो आला, घर, बेडूक, दोन सायकली, आणि खाली ‘तुमचाही पाठवा.’ मी घाटात धुकं फार होतं असं कळवलं आहे. वाचकांपैकी कोणी ॲरिझोनाकडे राहत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, हा लेख तिकडे पोचू देऊ नये.