ऑफिसातले भाऊ

बायकांच्या सुरक्षेची काळजी भाऊंइतकी ऑफिसात कुणालाच नसते, खुद्द बायकांनाही नसते. हुद्दा मॅनेजरचा, पण वृत्ती थोरल्या भावाची. कालच रुजू झालेली मुलगी असो की निवृत्तीला टेकलेल्या बाई, भाऊंच्या लेखी सगळ्या ‘ताई’. साडेपाच वाजले की भाऊ टेबलापाशी हजर. “ताई, निघा आता. अंधाराच्या आत घरी पोचा.” ताई निघतात. सहा वाजता केबिनमध्ये चहा येतो, उरलेल्या पुरुषमंडळींत मोठी कामं वाटली जातात आणि वर्षअखेरीला ताईंच्या शेऱ्यात भाऊ लिहितात, ‘काम उत्तम. जबाबदारीचा अनुभव कमी.’

बढतीच्या वेळी तर त्यांचा गळा दाटून येतो. “हक्क ताईंचाच होता हो! पण वरच्या जागेला फिरती आली. घरी लहान मूल. मीच म्हटलं, कशाला त्रास?” ताईंना विचारलंत का? “विचारून त्यांना धर्मसंकटात टाकू?” समान कामाला समान मोबदला १९७६ पासून कायद्यात आहे, हे भाऊंना पाठ आहे. समान काम दिलंच नाही की कायदा कसा मोडेल?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्ये दिलेल्या विशाखा निकालाचं नाव निघालं, तेव्हा भाऊंनी विचारलं होतं, “ही विशाखा आपल्या कुठल्या शाखेत?” पण त्याच विषयावरच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० माणसांच्या ऑफिसातही अंतर्गत समिती लागते, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड, हे कळलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी समिती तयार! अध्यक्षपदी वरिष्ठ महिला हवी, म्हणून अकाउंट्सच्या बाई. त्यांना ते फलक वाचून कळलं. बाहेरचा सदस्य महिलांच्या प्रश्नांचा जाणकार हवा, म्हणून भाऊंचे मेहुणे. “पाच बहिणींत वाढलाय!” फलक कपाटामागे लागला. तक्रारपेटीला कुलूप आणि किल्ली भाऊंच्या खिशात.

तरी एकदा तक्रार आलीच. सहकाऱ्याचे रात्री-अपरात्रीचे मेसेज एका ताईंनी छापून टेबलावर ठेवले. भाऊ हळहळले. “मनानं चांगला आहे हो तो. घराचे हप्ते, दोन पोरं... समजुतीनं मिटवू.” समेट तक्रार करणाऱ्या बाईनं मागितला तरच करता येतो. भाऊंनी तिच्या वतीनं तोही मागून टाकला. वडापाव मागवले, दोघांना समोरासमोर बसवलं आणि ताईंची ‘सुरक्षित’ शाखेत बदली केली. वार्षिक अहवालात तक्रारी: शून्य.

रक्षाबंधनाला भाऊंचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरतो. यंदा एका नव्या ताईंनी राखी बांधली. भाऊंनी शंभराची नोट काढली.

“नोट राहू द्या, भाऊ. तक्रारपेटीची किल्ली द्या.”

भाऊंनी खिशावर हात ठेवला. आवाजात माया आणली.

“ताई, जोखमीची वस्तू ती. बाईमाणसाकडे कशी देऊ?”