मागचं तेवढं काढा

वाघाचा फोटो काढणं नातवाच्या फोटोपेक्षा सोपं असतं, असं माझं स्वच्छ मत आहे, आणि ताडोब्याच्या इतक्या जवळ राहून ते मांडायचा मला थोडाफार अधिकारही आहे. वरोऱ्याहून चिमूरच्या रस्त्याला लागलं की खडसंगीवरून नवेगावचं गेट येतं. ऑक्टोबरात जंगल उघडलं की पुण्या-मुंबईची मंडळी हातभर लांबीच्या लेन्स घेऊन या वाटेला लागतात. ह्यांचे एक मावसभाऊ त्यांतलेच. जाताना आमच्याकडे मुक्कामाला असतात आणि येताना न विचारता सगळे फोटो दाखवतात. त्यांच्याकडून कळलं की वाघ निघायच्या आधी जंगल वर्दी देतं. वानर खोकरतं, चितळ ओरडतं, गाईड हळूच म्हणतो, "कॉल आहे," आणि जिप्सी थांबते. पाणवठा ठरलेला, वाट ठरलेली. पांढरपौनीच्या माया वाघिणीचे तर बछड्यांसकट इतके फोटो निघाले की तिचे शेजारी असते तर त्यांनीही तेवढे काढले नसते.

आमच्या धाकट्याला अजून तीन पूर्ण व्हायची आहेत. त्याच्या आधी कोणी कॉल देत नाही. उलट घर अचानक शांत झालं, की समजायचं तो पिठाच्या डब्यात आहे. तिथं पोचेपर्यंत भुवया पांढऱ्या, केस पांढरे, साक्षात त्याचे आजोबा. आता एका हातानं डबा ओढायचा की दुसऱ्या हातानं मोबाइल उघडायचा? आजी म्हणून याचं एक उत्तर येतं, फोटो काढणारी म्हणून दुसरं. मी कोणतं देते ते सुनेला माहीत आहे. ताडोब्यात सफारीला मोबाइल न्यायची बंदी आहे. ती बंदी आमच्या ओसरीपर्यंत वाढवावी, असं तिचं म्हणणं.

इथून पुढं गडचिरोलीच्या जंगलात हेमलकशाला प्रकाश आमट्यांच्या अंगणात बिबट्या निवांत बसलेला असायचा, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. बिबट्या बसतो. हा बसत नाही.

ह्यांची फोटोची शिस्त वेगळी. ती आग्फा क्लिक थ्रीची शिस्त. बडोद्यात तयार होणारा तो काळा डबा ह्यांनी नोकरी लागल्यावर घेतला. त्याला 'ऊन' आणि 'ढग' अशा दोनच अवस्था ठाऊक होत्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या हिशेबानं एक जास्तच. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा पहिला नियम. त्यामुळं आमच्या जुन्या अल्बममध्ये सगळं खानदान डोळे बारीक करून कुणावर तरी संशय घेतं आहे. जवळ गेलं की धूसर येई, म्हणून सगळे लांब उभे. आणि एका रोलवर फोटो 12. ते 12 दिवाळीपासून उन्हाळ्यातल्या लग्नापर्यंत पुरवायचे, मग जेवणाऱ्या पोरावर कोण फोटो वाया घालवणार? बारसं आहे, जावळ आहे, मुंज आहे, लग्न आहे, सत्यनारायण तर तीन आहेत. साधा मंगळवार मात्र आमच्या अल्बममध्ये एकही नाही.

त्याही आधीचा एकच फोटो घरात आहे. ह्यांचा, वय वर्षं चार, स्टुडिओत काढलेला. उंच स्टुलावर बसवलंय, पायात उसने बूट, आणि मागं पडद्यावर रंगवलेला राजवाडा. रुंद पायऱ्या, खांब, तळं, तळ्यात हंस. हा फोटो पाहून माझ्या थोरल्या नातीनं सरळ विचारलं, "आबा पहिले राजे होते का?" आबांचं बालपण गेलं ते कवेलूच्या दोन खोल्यांत. ओसरीवर कोळशाची शेगडी असायची, सांदवाडीत रांजण. या गावाला रेल्वे आणली तीच कोळशानं. 1870च्या दशकात इंग्रजांनी वर्ध्याहून रूळ टाकले ते वरोऱ्याच्या खाणीसाठी. ती खाण पुढं बंद पडली, तरी कोळसा आमच्या घरांतून हलला नाही. सासूबाई पहाटे शेगडी पेटवून अंगणात ठेवायच्या आणि धूर निवला की आत घ्यायच्या, असं हे सांगतात. त्या शेगडीचा, रांजणाचा, त्या दोन खोल्यांचा एकही फोटो नाही. जो राजवाडा कुणीच पाहिला नाही तो मात्र हंसांसकट शाबूत आहे.

त्या फोटोच्या उजव्या कडेला नीट पाहिलं की पडद्याआडून आलेला एक हात दिसतो. मनगटात काचेच्या बांगड्या, बोटं स्टुलाच्या पाठीला. पोरगं पडू नये म्हणून सासूबाई तिथं उभ्या होत्या. सासूबाईंच्या तरुणपणाचं चित्र म्हणून आमच्याकडे आहे ते एवढंच.

ही युक्ती फार जुनी. विलायतेत फोटोची काच उजेड घ्यायला बराच वेळ लावी, तेव्हा तान्हं मूल स्थिर राहावं म्हणून आई त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि फोटोग्राफर आईवरच कापड टाकायचा. फोटोत बाळ आणि मागं आईच्या आकाराची एक गोधडी! आमच्याकडे गोधडी पांघरली नाही इतकंच. माझाही हात गेल्या काही वर्षांत बऱ्याच फोटोंत येऊन गेला आहे. कधी घास धरलेला, कधी चड्डीची नाडी धरलेला.

शेजारच्या काकूंना हे सगळं प्रकरणच मान्य नाही. "इतके फोटो कायले काढता बाई, नजर लागन ना लेकराले!" असं त्या फाटकातूनच सांगतात, आणि मग आत येऊन सगळे फोटो पाहतात. त्यांना हसायचं कारण नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी बडोद्याला फोटोचा धंदा करत होते. कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो या समजापायी तिथं गिऱ्हाईक फिरकेना, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. याच फाळक्यांनी पुढं कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यापुढं कॅमेरा लावून रोज थोडी थोडी फिल्म घेत 'अंकुराची वाढ' दाखवली. मला त्यांचा हेवा वाटतो तो तिथं. वाटाणा कुंडीतून उतरून पळत नाही.

घरच्या मुलांनाही त्यांनी कॅमेऱ्यापुढं आणलं. 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राजपुत्र झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र आणि 1919च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच जेमतेम सात वर्षांची ती पोर जवळून दिसते आणि सांगितल्याबरहुकूम एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते. आमची थोरली साधारण त्याच वयाची. तिला सांगितलं तर एकच भाव येतो, बत्तीशी दाखवण्याचा, तोही चार दात पडलेल्या बत्तीशीचा. फाळके वडील होते, हा फरक धरायला हवा. आजीच्या शब्दाला घरात तेवढी किंमत नसते.

सरकारलाही हे जमलेलं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार कार्ड निळं असतं. बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो तेवढा घेतात. धाकट्याला बापानं दोन्ही दंड धरून त्या कॅमेऱ्यासमोर टेकवला. आता त्या कार्डावर तो नुकताच कुठूनतरी फरार झाल्यासारखा दिसतो. ओळख पटवायला याहून चांगला फोटो मिळणार नाही, हे मान्य.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याचं सांगते. विदर्भाबाहेरच्यांसाठी म्हणून: पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा झाली, की दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा भरतो. नागपूरच्या भोसल्यांनी पोरांसाठी तो सुरू केला म्हणतात. धाकट्याला सकाळपासून शेतकरी केला होता. धोतर, बंडी, फेटा, ओठांवर काजळाची मिशी. बैलाला बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, खाली चार चाकं. मैदानात पोरांची रांग, आणि रांगेसमोर आयांची दुसरी रांग, प्रत्येकीचा मोबाइल वर. पोरांना एकमेकांचे बैल दिसेनात. माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचे पुष्कळ फोटो आहेत, त्यांतले निम्मे दुसऱ्यांच्या दंडांचे. उरलेल्यांत आमचा शेतकरी रडतो आहे, कारण मिशी पुसली गेली.

मग घरोघर बोजारा मागून झाला, मुठीत नाणी आली, आणि आम्ही घरी परतलो. धोतर वाटेतच सुटलं होतं. तो चड्डीवर ओट्यावर बसला, बैल समोर घेतला, आणि पुरणपोळीचा तुकडा मोडून बैलाच्या तोंडाशी धरला. बैल खाईना. त्यानं तोंड उघडून दाखवलं, असं उघड म्हणून. तरी खाईना. मग त्यानं पुरण बोटावर घेऊन बैलाच्या लाकडी नाकपुडीपासून ओठापर्यंत नीट चोपडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गरम हाये. फुंक मार."

मी फुंकर मारली आणि त्याच वेळी फोटो काढला, त्यामुळं तो जरा हलला आहे. बैल स्पष्ट आहे, पोरगं थोडं धूसर. डावीकडून माझा हात, हातात अर्धी पोळी. मागं दोरीवर ह्यांची बनियन. ओट्याच्या कोपऱ्यात उन्हाळाभर घरघरणारा कूलर, आता बंद, त्याच्या डोक्यावर कांद्याची टोपली. दाराशी टेकवलेले मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या. एक उलटी चप्पल.

ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला. "चांगला आला," म्हणाले. "मागचं तेवढं काढायला पाहिजे होतं."

हे वाक्य आमच्या घरात फोटोइतकंच जुनं आहे. व्याही पुण्याचे. त्यांना काय वाटेल म्हणून आधी कूलर झाकायचा, बनियन काढायची, चपला ओळीनं लावायच्या, आणि मग पोराला म्हणायचं, खेळ आता. तेवढ्यात पोरगं गेलेलं असतं. मुलानं माझ्या फोनमध्ये पोर्ट्रेट मोड लावून दिला आहे, त्यानं मागचं सगळं आपोआप पुसट होतं. वापरून पाहिला. माझं घर गेलं धुक्यात आणि पुढं नातू, कापून चिकटवल्यासारखा. मला तर त्या धुक्यात हंस दिसायला लागले. खरं सांगायचं तर तीन वर्षांची सगळी मुलं पुरणपोळी खाताना सारखीच दिसतात. हे पोरगं आमच्या घरचं, हे त्या बनियनवरून कळतं. पुढं कधी त्याची मुलं हा फोटो पाहतील तर बापाकडे फार वेळ पाहणार नाहीत. बाप त्यांच्या समोरच बसलेला असेल. ती विचारतील, हा एवढा मोठा पेटारा कसला, आणि त्यावर कांदे काय करताहेत? तेव्हा मे महिन्यातले 45 अंश, खिडकीला लागलेला कूलर, त्याच्या वाऱ्यासमोर गार फरशीवर ओळीनं झोपलेली माणसं, हे सगळं सांगायला त्याला विषय मिळेल.

थोरलीचे फोटो मी अलीकडे विचारून काढते. तिनंच सांगितलं तसं. केसांना तेल चोपडलेलं असताना नाही, रडताना नाही, आणि स्टेटसला तर अजिबात नाही. स्टेटसच्या बाबतीत सून तिच्या बाजूला आहे, आणि मीही. आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो घराबाहेर कशाला जायला हवेत? लेकराला आज कळत नसलं तरी उद्या दहावीला गेल्यावर कळेलच. मला एका गोष्टीची तेवढी मोकळीक आहे: फाटकाजवळ उभं राहून ती मालगाडीचे डबे मोजते तेव्हाची. कोळशाची गाडी संपता संपत नाही. ती बोट नाचवत मोजते, अठ्ठावीस, एकोणतीस, आणि मग चाळीस, कारण तीस म्हणेपर्यंत दोन डबे निघून जातात. हिशेबाला पक्की आहे. त्या वेळी तिला माझ्याकडे बघायला सवड नसते.

हे फोटो फोनमध्येच राहिले तर फोनबरोबर जातील, म्हणून अधूनमधून गावातल्या स्टुडिओत जाऊन मी ते छापून आणते. स्टुडिओवाला तरुण आहे, त्याचा मुख्य धंदा लग्नाआधीच्या जोडप्यांना शेतात पळवायचा. मी बैलाचा फोटो दिला. त्यानं पडद्यावर मोठा केला आणि मान हलवली.

"काकू, हा हललेला आहे."

"असू दे."

"हा हात कोणाचा?"

"माझा."

"काढून टाकू?"

नको, असं मी दोनदा सांगितलं. संध्याकाळी पाकीट आणायला गेले तर फोटो तयार. हात नाही, बनियन नाही, कूलर नाही, कांदे नाहीत. मेढे गेले होते, चप्पल गेली होती. ओट्याच्या जागी हिरवीगार टेकडी आणि तिच्यावर निळं आभाळ, आणि आमचा धाकटा चड्डीवर बसून डोंगरावर बैलाला पुरण चारतो आहे. तो मोठ्या कौतुकानं म्हणाला, "काकू, मागचं सगळं साफ केलं. त्याचे पैसे नाही घेत तुमच्याकडून."

मी पहिला फोटो जसा आहे तसा पुन्हा छापायला सांगितला. त्याचे पैसे मात्र त्यानं घेतले, आणि तो डोंगरावरचा ह्यांनी फ्रेम करून व्याह्यांना पाठवला.