दोन जामीनदार, तीन फोटो

दोन लाखांचं कर्ज हवंय असं बँकेत सांगितलं की समोरची मुलगी संगणकाकडे बघते. पतसंस्थेत सांगितलं की सचिव आपल्याकडे बघतात. आधी चेहऱ्याकडे, मग चपलांकडे. मग "बसा, चहा सांगतो" म्हणत आतल्या खोलीत जातात. चहा समोरच्या टपरीवरून येतो, त्यासाठी आत जायचं काही कारण नसतं. आत ते फोन करायला जातात. कोणाला, ते पुढे येईलच.

मला कर्ज हवं होतं गच्चीसाठी. पावसाळ्यात सगळ्यांचीच गच्ची गळते. आमची दिवाळीत गळते. जुलै-ऑगस्टमध्ये स्लॅब निमूटपणे पाणी पिऊन घेतो आणि पाहुणे आले की सोडतो. गवंड्यानं काठीनं ठोकून पाहिलं, "काका, नुसत्या केमिकलनं भागायचं नाही, कोबा उकलून नवा घालायला लागेल," म्हणाला आणि विडीच्या बंडलाच्या कागदावर आकडा लिहून दिला. घरातल्या सोन्याचा विषय मी मनात आणला असेल-नसेल, तोच हिनं कपाटाची किल्ली कमरेला खोचली.

बँकेतल्या त्या मुलीनं संगणकाकडे बराच वेळ बघून सांगितलं, "सर, तुमचा सिबिल स्कोअरच येत नाहीये." मी आजवर कधी कर्ज काढलेलं नव्हतं. वडिलांच्या दृष्टीनं हा गुण होता. संगणकाच्या दृष्टीनं मी जन्मलोच नव्हतो. "आधी एखादं छोटं कर्ज घ्या, ते फेडा, मग मोठं मिळेल," असा तिनं मार्ग सांगितला. ते छोटं कर्ज कोण देणार, याचं उत्तर तिच्या संगणकात नव्हतं.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, ॲपवर पाच मिनिटांत मिळतं." ॲपनं पहिल्याच पानावर माझी फोनवही मागितली. माझ्या फोनवहीत गॅसवाला, दातांचे डॉक्टर, लेकीच्या सासूबाई आणि 'पाणी टँकर जुना' व 'पाणी टँकर नवा' असे दोन वेगळे टँकर आहेत. हप्ता चुकला तर या सगळ्यांना कळवायची ही सोय. त्यातल्या जुन्या टँकरशी आमचं आधीच बिनसलेलं. विहीणबाईंशी अजून बिनसायचंय. रिझर्व्ह बँकेनं 2022 सालीच नियम केलाय की कर्ज देणाऱ्या ॲपनं ग्राहकाच्या फोनवहीला हात लावायचा नाही, आणि पैसे नक्की कोणती बँक किंवा वित्तसंस्था देतेय ते सांगायचं. तेव्हा जे ॲप आल्याआल्या फोनवही मागतं, ते स्वतःची ओळख फार प्रामाणिकपणे करून देतं. मी ते काढून टाकलं.

मग पेठेतल्या एका खासगीवाल्याकडे गेलो. किती टक्के, विचारलं. "पाच." बँकेतले तेरा-चौदा ऐकून आलेल्या माणसाला पाच ऐकून गहिवरूनच येतं. पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाचे साठ, हे दुकानाबाहेर पानवाल्यानं समजावलं. शिवाय पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घेणार, आणि सही केलेले दोन कोरे चेक ठेवून घेणार. महाराष्ट्रात सावकारीचा 2014 चा कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो, आणि बिगरशेतकऱ्याला विनातारण दिलेल्या कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, शेतकऱ्याला 12. एवढा अभ्यास करून मी पुन्हा गेलो आणि परवाना बघायला मिळेल का, असं नम्रपणे विचारलं. त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं पंचमुखी मारुतीची तसबीर होती.

या बाबतीत आपल्याकडची परंपरा तशी दांडगी आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरातली खतं-वह्या बाहेर ओढून काढल्या. पुढे गावोगाव हेच झालं, आणि राग मुख्यतः निघाला तो कागदांवर. चार वर्षांनी सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. मला त्यातली एकच गोष्ट भावते: त्या माणसांना नेमकं काय जाळायचं ते कळत होतं. आज कागद तीन ठिकाणी स्कॅन केलेला असतो.

राहता राहिली भिशी. हिच्या भिशीत वीसजणी, महिन्याला पाच हजार, चिठ्ठीवर नंबर. बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या भिशीत चिठ्ठी नसते, लिलाव असतो. ज्याला निकड तो लाखाची भिशी ब्याऐंशी हजारांत उचलतो, आणि वरचे अठरा हजार बाकीचे वाटून घेतात. निकड चेहऱ्यावर दिसली की आकडा आणखी खाली जातो, म्हणून तिथं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. हिच्या भिशीला लेखी काहीही नाही; पण जिनं दोन महिने चुकवले तिला हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही, आणि एवढ्या धाकावर ती भिशी वर्षानुवर्षं चाललीय. मी नंबराची अदलाबदल सुचवून पाहिली. "तो पैसा फ्रीजचा आहे," असं उत्तर मिळालं.

तर पतसंस्था. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात हमरस्त्यावर दर दोन दुकानांआड एक पतसंस्था असते. नावं संतांची, ग्रामदैवतांची, नाहीतर संस्थापकांच्या मातोश्रींची. यातली कुठली बरी, हे ज्याला विचारायचं तो माणूस रोज संध्याकाळी साडेसातला आमच्या दाराशी स्कूटर लावतो. पिग्मीवाला. रोज थोडेथोडे पैसे दारावर येऊन गोळा करायची ही कल्पना 1928 मधली, उडुपीच्या सिंडिकेट बँकेची. तेव्हा दोन आण्यांपासून सुरुवात होती. बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आमच्या बाजारपेठेत मराठी होऊन राहिला. आमचा पिग्मीवाला दिवसाला शंभरेक उंबरे चढतो. कुणाकडे शटर उशिरा उघडायला लागलंय, कुणी रोजचे दोनशेचे शंभर केलेत, कुठल्या घरात मोठा मुलगा वेगळा निघाला, सगळं त्याच्या डोक्यात असतं. सिबिलला माझा जन्म माहीत नाही. याला माझा रक्तदाब माहीत आहे.

त्यानं यंत्रातून पावती फाडली आणि म्हणाला, "काका, एक सांगू का? त्या कोपऱ्यावरच्या संस्थेत जाऊ नका. तिथं कर्ज लगेच मिळतं."

"अरे, मग चांगलंच की."

"माझी ठेव अडकलीय तिथं."

हे एक वाक्य सहकारावरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मला जास्त कामाचं वाटलं. कोण किती चटकन देतो, यावरून त्याला परत मिळायची किती काळजी आहे ते कळतं. ज्याला काळजी नाही, त्यानं ठेवीदारांचे पैसे पाहुण्यारावळ्यांनाही असेच वाटलेले असतात. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही. कर्जदाराला वाटतं, आपण घेणारे, आपल्याला काय? पण संस्था बुडाली म्हणून कर्ज बुडत नाही. संस्थेवर अवसायक येतो, आणि तो संचालकांसारखा लग्नामुंजीतला ओळखीचा नसतो. शिवाय कर्ज देताना शेअर्सपोटी जी रक्कम कापून घेतलेली असते, ती तिकडेच राहते. म्हणून मी पिग्मीवाल्याला उलटा प्रश्न विचारला: "सगळ्यात जास्त छळ कुठं करतात?" त्यानं पत्ता दिला.

छळ पहिल्या दिवशीच सुरू झाला. अर्जासोबत तीन फोटो, पगारपत्रक, लाइट बिल, घरपट्टीची पावती आणि दोन जामीनदार. अर्जात एक रकाना होता: 'जामीनदाराचे कर्जदाराशी नाते'. मी 'मित्र' असं लिहिलं. सचिवांनी चष्म्यावरून बघितलं. "मित्राला माहितीय का?"

माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मित्राचा फोन लागेनासा झाला. कचेरीतले एक सहकारी म्हणाले की त्यांची सही हल्ली बदललीय, बँकेतसुद्धा जुळत नाही. मेहुणा तयार होता, पण तो आधीच इतक्या जणांना जामीन आहे की त्याचं नाव वाचून सचिवच "अरे वा, हे पण का?" म्हणाले. शेजारच्या अण्णांनी डोळे मिटून सांगितलं, "जामीन राहायचं नाही, असं आमच्या वडिलांनी मला शपथेवर सांगितलंय." वडील तेव्हा आतल्या खोलीत बातम्या बघत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "किती लाखाला?"

लोक का टाळतात, हे कायदा वाचला की समजतं. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे मागा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यात कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, त्यावर दोघांचीही नावं असतात. वसुली अधिकारी व्यवहारी असतो: ज्याचं घर जवळ आणि पगार नियमित, त्याच्याकडे तो आधी जातो. म्हणून गावात कर्जदार बुलेटवरून हिंडतो आणि जामीनदार पायी.

शेवटी एक सही कचेरीतल्या शिपायानं केली. त्याच्या मुलीच्या लग्नात मी वाढपाला उभा होतो, असं त्यानं स्वतःच आठवून सांगितलं. दुसरी साडूंनी केली. साडूंनी अर्ज दोनदा वाचला, स्वतःचं पेन वापरलं आणि जाताना म्हणाले, "मी अधूनमधून येत जाईन." येतात. पाच तारखेला हप्ता असतो, साडू सहा तारखेला चहाला येतात. खुर्चीत बसता बसता पासबुकाच्या खणाकडे बघतात. आमच्याकडे नवा टीव्ही आला तेव्हा त्यांनी किंमत विचारली नाही, फक्त "जुना चालत नव्हता का?" एवढंच विचारलं.

यातही साडूंनी नवं काही शोधलेलं नाही. जर्मनीत रायफायझननं शेतकऱ्यांच्या पतपेढ्या काढल्या त्या याच पायावर, आणि आपल्याकडचा 1904 चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा तिकडूनच सुचलेला. त्यात खेड्यातल्या पेढीची जबाबदारी अमर्यादित असे. एकानं बुडवलं की साऱ्या सभासदांनी भरायचं. मग कोण बैल विकतोय आणि कोण जावळाला गाव जेवू घालतोय, यावर सगळ्यांचे डोळे. त्याही आधी, 1889 मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली होती, कुठल्याही कायद्याची वाट न बघता. तिथल्या सभासदांनाही साडू असणारच.

अर्ज गेला आणि काही दिवसांनी सचिवांचा निरोप आला: मंजूर, पण सौभाग्यवतींची सहकर्जदार म्हणून सही हवी. हे कसं काय, ते पिग्मीवाल्यानंच उघड केलं. "सचिवसाहेबांचा फोन आलेला मला, तुम्ही तिथं बसला होतात तेव्हाच. मी म्हटलं, घर चांगलंय, एक दिवस चुकत नाहीत. पण पैसे काकूंच्या डब्यातून निघतात."

मी ही गोष्ट फारशी मनाला लावून घेतली नाही. हिनं मात्र ती फार मनावर घेतली. चौकातल्या दुसऱ्या संस्थेची जाहिरात होती, 'फक्त 10 टक्के'. आमची संस्था 14 सांगत होती. ही तडक दोन्हीकडे जाऊन हप्ता लिहून घेऊन आली. दोन लाख, चोवीस महिने. दहावाल्यांचा हप्ता 10,000. चौदावाल्यांचा 9,603. दहावाल्यांकडच्या मुलाला तिनं विचारलं, "दुसऱ्या वर्षी आम्ही अर्धे पैसे परत केलेले असतील ना? मग तेव्हा पुऱ्या दोन लाखांवर व्याज कशाचं लावताय?" तो म्हणाला, "मॅडम, हे सरळव्याज आहे." "सरळ कुणासाठी?" त्यावर त्यानं मॅनेजरना बोलावलं, आणि मॅनेजर जेवायला गेले होते. आमच्याकडे व्याज घटत्या शिलकेवर; दोन वर्षांत साडेनऊ हजारांचा फरक. दहा म्हणून सांगितलेलं ते खरं अठराच्या वर जातं. तेव्हापासून सचिव मला "साहेब" म्हणतात आणि हिशेब हिला दाखवतात.

कर्जाबरोबर मी सभासद झालो, आणि सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली. मंगल कार्यालय, सभासदांना स्टीलचा डबा भेट, सभेनंतर अल्पोपहार. बहुतेक मंडळी सह्या करून डब्याच्या रांगेत उभी होती, कारण डबे झाकणाचे होते आणि गेल्या वर्षी झाकणं कमी पडली होती. पहिल्या रांगेत एक आजोबा अहवाल मागून पुढे वाचत होते. ताळेबंद, ऑडिटचा वर्ग, थकबाकीदारांची यादी, संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं, सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा. दर वर्षी हेच करतात म्हणे. "स्टेशनरी अकरा हजारांनी वाढली, एवढे कागद गेले कुठं?" असं त्यांनी विचारलं, आणि सचिवांनी खरोखरच व्हाउचरांची फाइल मागवली. मागून कुणीतरी ओरडलं, "वडे गार होताहेत!" आजोबांनी मान वळवली नाही. मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली.

स्टेशनरी मिटली. विषय क्रमांक सात पुकारला: गेल्या सभेच्या चहापान खर्चास मंजुरी देणे. तेवढ्यात यंदाचा चहा आला. आजोबांनी बशीत ओतून तो शांतपणे संपवला, बशी खुर्चीखाली ठेवली, आणि हात वर केला: "या खर्चाला माझा विरोध आहे."