उद्या काळी होईल

‘अर्ज निळ्या किंवा काळ्या शाईने भरावा’ असं वर छापलं की फॉर्म छापणारे मोकळे होतात. त्या ‘किंवा’मध्ये काही माणसांचं अख्खं आयुष्य गेलेलं असतं, हे त्यांच्या गावीही नसतं. मी त्या ‘किंवा’तला. आम्ही ब्लू-ब्लॅकवाले.

हे वडिलांकडून आलं. पोस्टकार्डावरचा मजकूर ते साध्या निळ्या शाईनं लिहीत आणि पत्ता मात्र ब्लू-ब्लॅकनं. जुलैत कोकणात जाणारं कार्ड भिजणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असे. मजकूर वाहून गेला तरी बिघडत नव्हतं. यंदाही पैसे पाठवणं जमणार नाही, हे तिकडच्या काकांना न वाचता कळायचं. पण कार्ड पोचलं पाहिजे, म्हणून पत्ता टिकाऊ.

घरात बाटली कॅमलची. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या. पुढे घोड्याचा उंट झाला आणि त्या उंटावर बसून महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या मॅट्रिक पार झाल्या. निदान बसल्या तरी. त्याच १९३१मध्ये तिकडे अमेरिकेत पार्करनं ‘क्विंक’ बाजारात आणली. तीही आमच्याकडे एकदा आली होती, पण पाहुण्यांसारखी. कपाटात वरच्या फळीवर राहिली आणि कुणी वापरायच्या आत वाळली.

निवृत्त झाल्यावर लोक सकाळी टेकडीवर जातात. मी संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात जाऊ लागलो. तिथं मला कळलं की ब्लू-ब्लॅक हा रंगच नाही. तो गोडा मसाला आहे. नाव एक, प्रत्येक घरचा वेगळा, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. जपानच्या पायलटची ब्लू-ब्लॅक निळ्याकडे झुकते. वॉटरमनची वाळता वाळता हिरवट झाक दाखवते, आणि कंपनीनं तिचं नाव पुढे बदलून ‘मिस्टीरियस ब्लू’ असंच ठेवलं. जर्मनीची पेलिकन निमूटपणे राखाडी होत जाते, पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरांसारखी. मी एक-एक करत सात बाटल्या जमवल्या. प्रत्येक नव्या शाईनं आधी ‘श्री’ काढायचा, मग स्वतःचं नाव, मग सही. त्यापुढे काय लिहावं हे अजून सुचलेलं नाही.

“सात बाटल्या,” सौ. म्हणाली, “आणि लिहायचा काय, तर दुधाचा हिशोब. तोही चुकतो.”

हिशोब चुकतो हे खरं आहे, पण शाई फुटत नाही, हे ती लक्षात घेत नाही. हल्लीच्या वह्यांचा कागद असा की साध्या निळ्या शाईनं अर्धा लिटर लिहावं तर त्याला मुळं फुटून एक लिटर दिसतं, आणि मागच्या पानावर भाजीवाल्याच्या खात्यात उमटतं. जुन्या पद्धतीची, लोखंडाची ब्लू-ब्लॅक अशा भिकार कागदावरही शिस्तीत बसते. मी तिच्या प्रेमात पडलो तो इथं.

लोखंडाची म्हणजे काय, हे मला समजलं आमच्या कढईमुळे. रविवारी केसांना लावायला म्हणून सौ. शनिवारी रात्री आवळ्याची पूड लोखंडी कढईत भिजत घालते. सकाळी बघावं तर काळंकुट्ट. आवळ्यातला तुरटपणा आणि कढईचं लोखंड यांचं रात्रीतून जमलेलं असतं. युरोपात शेकडो वर्षं कागदपत्रांची शाई याच खटपटीतून झाली. तिथं आवळ्याच्या जागी मायफळ आणि कढईच्या जागी हिराकस. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर किडीनं अंडी घातली की येणारी गाठ. बाळगुटीत उगाळतात तेच. म्हणजे मला पाळण्यात चाटवलं ते अर्धी शाईच होती. उरलेलं अर्धं लोखंड मी पुढे कारकुनीत कमावलं.

गंमत अशी की ही शाई बाटलीत असताना काळी नसतेच. कागदावर उतरल्यावर तिला हवा लागते, आणि मग ती सावकाश काळी होते. नुसती लिहिली तर इतकी फिकी की आपण काय लिहितोय ते आपल्यालाच दिसेना. म्हणून तिच्यात निळा रंग घालतात. हा निळा म्हणजे प्रभारी अधिकारी. खरे साहेब रुजू होईपर्यंत चार्ज सांभाळतो, आणि ते आले की हळूच बाजूला होतो. ब्लू-ब्लॅक हे नाव त्या बदलीच्या ऑर्डरीवरून पडलेलं आहे.

साहेब मात्र तापट. शाई आम्लधर्मी असते. बाखनं हातानं लिहिलेल्या संगीताच्या पानांचा कागद जुन्या शाईनं जागोजागी खाल्लाय. फाउंटनपेनासाठी केलेली आजची शाई तितकी जहाल नसते, तरी पेनात सुकू दिली की जिभेत गाळ धरते. दर पंधरा दिवसांनी पेन साध्या पाण्यानं धुवावं. मी रविवारी धुतो. त्या वेळी मोरीत सौ.ची कढईही धुवायला आलेली असते, आणि नळ कुणाचा यावरून जे होतं ते आवळ्याइतकंच तुरट असतं. शर्टाच्या खिशावर डाग पडला तर ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. निळा जातो आणि तांबूस गंज मागे राहतो. लिंबू आणि मीठ लावावं. आणि ड्रॉइंगची काळी शाई फाउंटनपेनात कधीही, कितीही मोह झाला तरी, घालू नये. तिच्यात लाख असते. माझं एक पेन त्यात गेलं. मी अजून त्याचं टोपण वापरतो.

तर गेल्या वर्षी भाच्यानं इंग्लंडहून डायमाइनची ‘रजिस्ट्रार्स इंक’ आणली. “मामा, तिकडे जन्ममृत्यूच्या नोंदी असल्या शाईनं लिहीत आलेत,” म्हणाला. मला भरून आलं. नोव्हेंबर होता, पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. जन्माची नोंद हुकलेलीच होती आणि मृत्यूची मला स्वतःला लिहिता येणार नव्हती. मधली ही एकच संधी होती.

बँकेत रांगेत उभं राहून खिडकीवर पोचलो. मुलीनं फॉर्मवर नजर टाकली.

“काका, वर काय लिहिलंय? फक्त काळी शाई.”

“काळीच आहे.”

“ही निळी आहे.”

“आत्ता निळी आहे,” मी म्हणालो. “थोडं थांबा, होईल.” आणि तिला मायफळ, हिराकस, हवा असं सगळं थोडक्यात सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कानाचं मशीन नीट बसवून घेतलं.

“किती वेळात होईल?”

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. “उद्यापर्यंत अगदी काळीभोर.”

“मग उद्या या,” असं म्हणून तिनं फॉर्म परत सरकवला.

रात्री तो टेबलावर उघडा ठेवला. पंखा लावला नाही, पण खिडकी उघडी ठेवली. सकाळी अक्षर असं काळं झालं होतं की वडील असते तर त्यांनी त्या शाईनं मजकूरसुद्धा लिहिला असता. दुसऱ्या दिवशी खिडकीवर ती मुलगी नव्हती, चष्मा कपाळावर ढकललेले एक साहेब होते. त्यांनी फॉर्म उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

“झेरॉक्स चालत नाही. ओरिजिनल द्या.”

“ओरिजिनलच आहे. मीही आणि फॉर्मही.”

“सही झेरॉक्सची दिसतेय. म्हणून तर निळ्या शाईनं करा म्हणतो आम्ही.”

आता पुरावा एकच होता. मी जिभेला बोट लावलं आणि त्यांच्यासमोर सहीवर जोरात घासलं.

काहीही हललं नाही.

“बघा,” ते म्हणाले, “झेरॉक्सच आहे.”