साइड मार्जिनवाले अप्पा

सांगलीत विश्रामबागेकडच्या कुठल्याही कॉलनीत जा, एक मोकळा प्लॉट असतोच. चार कोपऱ्यांना दगड, तारेचं कुंपण, मधे वाढलेला शेवगा आणि 'हा प्लॉट विकणे नाही' अशी पाटी. पाटीखाली मोबाइल नंबर. विकायचाच नाही तर नंबर कशाला, असं विचारू नये. कुणी फोन केलाच तर प्लॉटच्या मालकांना, म्हणजे अप्पांना, बोलायला माणूस मिळतो.

अप्पा बहुतकरून बँकेतून निवृत्त झालेले असतात. प्लॉट दोन गुंठ्यांचा. घेतला तेव्हा मुलगा चौथीत होता, आता मुलाचा मुलगा चौथीत आहे. बंगल्याचं काम या सगळ्या काळात एक दिवस बंद पडलेलं नाही. ते नातवाच्या आलेखवहीत चालू आहे. एक चौकोन म्हणजे एक फूट. देवघर इतक्या वेळा खोडून सरकवलंय, की त्या जागी कागदाला भोक पडलंय आणि मागच्या पानावरचा संडास तिथून दिसतो. अप्पांच्या आईंना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

अप्पांच्या खिशात चष्म्याशेजारी मोजमापाची टेप असते. वास्तुशांतीचं बोलावणं आलं की ते पहिल्या पंगतीच्या आधी हजर. प्रसादाचा द्रोण डाव्या हातात, उजव्या हातानं जिन्याची पायरी मोजणं चालू. "साडेसात इंच उंच घेतलीत? गुडघे जातील हो वहिनी तुमचे." वहिनी ज्या जिन्याचं सकाळपासून कौतुक ऐकत होत्या, त्याच्याकडे त्या दिवसानंतर संशयानं बघतात. एकदा अप्पा हात धुवायला गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. यजमान घाबरून दाराशी गेले, तर आतून टेप गुंडाळल्याचा खर्रकन आवाज आला.

हिशोब त्यांचा तोंडपाठ. दोन गुंठे म्हणजे 202 चौरस मीटर, म्हणजेच 2178 चौरस फूट. प्लॉट बारा मीटर रुंद, पावणेसतरा मीटर खोल. पुढे तीन मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं की बांधायला उरतं नऊ बाय सव्वाबारा. एफएसआय 1.1 धरला तर दोन मजल्यांत बेरीज जवळजवळ तंतोतंत जमते. अधिमूल्य भरलं तर साठ टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय मिळतो, पण अधिमूल्य हा शब्द निघाला की अप्पांना खोकला येतो.

आता घरच्यांचं बघा. नव्वदीला टेकलेल्या आईंना पुढे ओटा हवा आणि ओट्यासमोर तुळशीवृंदावन. अप्पांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, आग्नेयेला स्वयंपाकघर आणि धुणं वाळत घालायला मागच्या बाजूला पत्रा. पुण्याच्या मुलाला ओपन किचन, सूनबाईंना दार लागणारं. धाकट्या भावाला वरचा मजला, तोही बाहेरून स्वतंत्र जिन्याचा. दाजींना स्वतःसाठी काहीच नको, फक्त ठेकेदार त्यांच्या ओळखीचा घ्यावा.

अप्पा जन्मात कुणाला 'नाही' म्हणालेले नाहीत. बँकेत कर्ज नाकारायचं झालं तर म्हणायचे, "मी देतो हो, हेड ऑफिस ऐकत नाही." निवृत्तीबरोबर हेड ऑफिस गेलं आणि त्या रिकाम्या खुर्चीत बांधकाम नियमावली येऊन बसली.

"दादा, जिना बाहेरून काढला की विषयच मिटला," धाकटा म्हणतो.

"काढला असता रे. पण साइड मार्जिनमध्ये येतोय. नियमात बसत नाही."

धाकटा गप्प. वरचा मजला तुला देणार नाही, हे सख्ख्या भावाला तोंडावर सांगायची अप्पांची छाती झाली नसती. दीड मीटरनं ते परस्पर सांगून टाकलं. वास्तुशास्त्री आले आणि ईशान्य मोकळी सोडा म्हणाले, तेव्हा अप्पा हसून म्हणाले, "सरकारनं आधीच सोडायला लावलीय. तुमची फी कशाची?" शेजारच्यांचं डोकं दिसणार नाही एवढी भिंत हवी, असा काकूंचा आग्रह होता. त्यालाही उत्तर तयार होतं : कंपाउंडची भिंत दीड मीटर, त्याच्या वर हवी तर नव्वद सेंटिमीटर जाळी. काकू मात्र हेड ऑफिसला बधणाऱ्या नव्हेत.

"अहो, मागं पत्रा टाकायला काय लागतं? समोरच्यांनी नाही का टाकला?"

"त्यांना नोटीस येईल."

"आली का?"

"येईल."

"तुम्ही जाऊन सांगितल्याशिवाय कशी येईल?"

2020 च्या डिसेंबरात मुंबई आणि आणखी काही भाग वगळता बहुतेक राज्याला एकच नियमावली लागू झाली. लोकांनी सुस्कारा सोडला. अप्पांच्या घरी सुतक आल्यासारखं वातावरण. जुने नियम पाठ, आलेखवह्या भरलेल्या, आणि आता म्हणे 'पी-लाइन'च्या आतलं सगळं मोजायचं, म्हणजे बाल्कनी धरून, जिना धरून. आठवडाभरानं त्यांनी नव्या नियमावलीची छापील प्रत काढून स्पायरल बाइंडिंग करून आणली आणि चेहरा पुन्हा उजळला. पहिल्यापासून सुरुवात करायला एवढं सज्जड कारण पुन्हा कधी मिळणार?

घोटाळा सूनबाईंनी केला. त्यांनी तीच नियमावली मोबाइलवर उघडली आणि जेवताना वाचून दाखवली. 150 ते 300 चौरस मीटरच्या प्लॉटला, कागद सरळ असले आणि आर्किटेक्टचा दाखला असला की दहा दिवसांत परवानगी. "बाबा, आपला तर 202 आहे!"

अप्पांनी आमटी वाढून घेतली. ती नको होती, हे वाढल्यावर लक्षात आलं. सरकार दहा दिवसांत हो म्हणणार असेल तर ओटा, पत्रा, वरचा मजला आणि दाजींचा ठेकेदार यांना नाही कुणी म्हणायचं? बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आधी हद्द कायम मोजणी करून घ्यावी म्हणतो." मोजणीला कोण हरकत घेणार? एवढा सुटकेचा चेहरा मी फक्त परीक्षा पुढे ढकललेल्या मुलांचा पाहिलाय.

माणूस हसण्यावारी नेण्यासारखा मात्र नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. अप्पांच्या गावभागातल्या वडिलोपार्जित घरात पाणी शिरलं, आणि त्यानंतर पूररेषेचा नकाशा त्यांच्या बैठकीत कायमचा आला. आता रोज संध्याकाळी कुणी ना कुणी कागद घेऊन येतं. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या 45 सेंटिमीटर वर घ्यावं लागतं. अप्पा हे नकाशावर बोट ठेवून दाखवतात. समोरचं जोडपं स्वस्तात गुंठा मिळाला म्हणून हरखून आलेलं असतं. त्यांनाही अप्पांना 'नाही' म्हणवत नाही. ते फक्त निळ्या रेषेवरचं बोट उचलत नाहीत आणि हळूच विचारतात, "विसार दिलाय का?" दिला नसेल तर काकूंना चहा टाकायला सांगतात.

ज्या माणसाचं स्वतःचं जोतं अजून जमिनीच्या वर आलेलं नाही, त्यानं किती जणांचे पैसे पाण्यात जाण्यापासून वाचवले याची नोंद कुठल्या कार्यालयात नाही. दाखल्यावर सही करणाऱ्या काही मंडळींपेक्षा मला अप्पा जास्त भरवशाचे वाटतात.

तेव्हा प्लॉट बघत असाल तर विसार देण्याआधी सात-बारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा घेऊन तुमच्या भागातल्या अप्पांना गाठा. फी घेत नाहीत, वेळ भरपूर देतात. त्यांचं स्वतःचं भूमिपूजन कधी, हे मात्र काकूंना विचारा.