बारकोडपुढे नगरकर

नगरकर चितळे रोडवर भाजी घ्यायला उतरला की त्याच्या अंगात वकील संचारतो. मेथीची जुडी बारीक आहे, कांद्याला कोंब फुटलाय, मागल्या खेपेला तूच पंधराला दिली होतीस. एवढा युक्तिवाद झाल्याशिवाय पिशवीचं तोंड उघडत नाही. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण दोन रुपयांचा हा खटला अजून चालूच आहे. हाच माणूस लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीत गेला की काय करतो?

गप्प बसतो.

सावेडीतले आमचे एक निवृत्त गुरुजी एडिसनच्या ओक ट्री रोडवर वाणसामान आणायला गेले. रस्ता अमेरिकेतला, पाट्या पटेलांच्या, वास हिंगाचा, त्यामुळे आधी त्यांना जरा धीर आला. मग कढीपत्ता दिसला. प्लास्टिकच्या पाकिटात मोजक्या काड्या आणि वर किंमत! इथे भाजीवाली मिरच्यांवर दोन काड्या फुकट टाकते, तरी गुरुजी ‘अजून एक टाक की’ म्हणतात. तिथे त्यांनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले, पाकीट जागेवर ठेवलं आणि जावईबापू बघतायत म्हटल्यावर पुन्हा उचललं. घासाघीस करणार कोणाशी? समोर मशीन. ते नुसतं टुंई करतं. (कढीपत्ता गुरुजींच्या बायकोनं नगरहून बॅगेत घातलाच होता. तो विमानतळावर काढून घेतला. पानांबरोबर लिंबूवर्गीय झाडांची कीड येते, अशी तिकडच्या सरकारला धास्ती.)

पण खरी गंमत ज्वारीची. 1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिकडे ती गुरांना घालतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या माणसांनी नाकं मुरडत का होईना, तिच्या भाकरी खाल्ल्या. गुरुजीही त्यातलेच. पुढे नोकरी लागली, घरात पोळी आली आणि पाहुण्यांपुढे भाकरी ठेवणं कमीपणाचं झालं. आता त्याच अमेरिकेत ज्वारीचं पीठ ‘ग्लूटेन-फ्री’च्या फळीवर चकचकीत पुडीत बसलंय, गव्हाच्या पिठापेक्षा कितीतरी महाग. लेक म्हणाली, ‘बाबा, हे खूप हेल्दी असतं.’ गुरुजींनी मान डोलावली. कर्जत-जामखेडचा शेतकरी हीच ज्वारी पोत्यानं विकतो आणि वर हमालीही भरतो, हे त्यांना तेव्हा आठवलं नसावं.

आठवायचं कशाला म्हणा! ग्राहक म्हणून आपण जगभर सारखेच. 20 जुलै 2023 ला सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेतल्या देशी दुकानांत आपल्या इंजिनिअर मंडळींनी ट्रॉलीत पोत्यांवर पोती रचली. शेवटी काही दुकानदारांनी ‘एका कुटुंबाला एकच पोतं’ असा नियम केला. बापानं बहात्तर साली लावलेली रांग पोरानं डॉलर मोजून लावली. बंदीविरुद्ध केवढी हळहळ झाली तेव्हा!

त्याच वर्षी 8 डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. घोडेगाव आणि नेप्तीच्या बाजारात भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले. या वेळी हळहळ ऐकू आली नाही. गुरुजी तोवर परत आले होते. प्रोफेसर कॉलनी चौकात चहा पिताना म्हणाले, ‘चला, कांदा तरी स्वस्त झाला.’ आणि तिथून उठून त्या स्वस्त कांद्याचाही भाव पाडायला गेले. ज्या तोंडानं बारकोडपुढे ब्र काढला नाही, ते तोंड शेतकऱ्याच्या काट्यापुढे असं चालतं.

कांद्यावरची बंदी 4 मे 2024 ला उठली, पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. ते शुल्क पुरतं जायला 1 एप्रिल 2025 उजाडावा लागला.