बॉनेटमार्तंड

बॉनेटमार्तंड हा इसम सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे त्याची व्याख्या करीत बसण्याचे प्रयोजन नाही. इंग्लंडमधील कोणत्याही उपनगरात रविवारी सकाळी गॅरेजचे दार अर्धे वर करून, कमरेवरचे सगळे शरीर गाडीत खुपसून उभा असलेला आणि शेजाऱ्यांना वर्षानुवर्षे केवळ पाठमोराच ठाऊक असलेला जो निवृत्त गृहस्थ दिसतो, तो हाच; आणि ती गाडी बहुधा १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे तयार झालेली एमजीबी असते. ही स्पोर्ट्स कार पाच लाखांहून अधिक संख्येने बनल्यामुळे तिला दुर्मीळ म्हणण्याची सोय नाही, आणि तिचा पत्र्याचा अख्खा सांगाडा १९८८ पासून नवाकोरा विकत मिळू लागल्यामुळे तिला धड जुनी म्हणण्याचीही पंचाईत होते; परंतु या दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर उच्चारू नयेत.

त्याच्या उपासनेचे स्थान म्हणजे इंजिनकक्ष, अर्थात बॉनेट उघडल्यावर दिसणारी ती पत्र्याची कोठडी. डिस्ट्रिब्यूटर आणि कार्ब्युरेटर यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, तेलकट मळ सोडवणारे द्रावण फवारून, घरातील सर्वांचे दात घासण्याचे ब्रश क्रमाक्रमाने निवृत्त करीत तो या कोठडीतला एकेक कोपरा निपटून काढतो. इंजिन सुरुवातीच्या वर्षांत गडद लाल असे व पुढे काळे झाले, एवढी माहिती सामान्य माणसाला पुरते. परंतु त्या लालाची नेमकी छटा कोणती यावरून दोन बॉनेटमार्तंडांमधील दीर्घकालीन स्नेह संपुष्टात येऊ शकतो. येथे मराठी वाचकांसाठी एक वंशावळ नमूद करणे अवश्य आहे. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ज्या ‘बी-सीरीज’ घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे धाकटे भावंड हिंदुस्थान ॲम्बॅसॅडरमध्ये कैक वर्षे राबले. त्याने जन्मात ब्रश पाहिला नाही, अंगावर तालुक्या-तालुक्यांची धूळ वागवली, आणि तरीही मंत्रिमहोदयांना दुष्काळी दौऱ्यावर नेऊन आणले.

बॉनेटमार्तंडाचे खरे शस्त्र मात्र ब्रश नव्हे, ते आहे उष्णतामापक पिस्तूल. वस्तूतून बाहेर पडणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, टिपून तिचे तापमान लांबूनच सांगणारे हे यंत्र त्याच्यापासून क्षणभरही दूर होत नाही. तो ते इंजिनावर रोखतो, रेडिएटरवर रोखतो, चहाच्या कपावर रोखतो, कुत्र्याच्या नाकावर रोखतो, आणि मुलीने लग्नाचा विचार सांगण्यासाठी ज्या तरुणाला प्रथमच घरी आणले, त्याच्याही कपाळावर ते रोखले गेल्याचे प्रसंग या जमातीत अशक्य कोटीतील नाहीत.

उष्णतेचा हा ध्यास सर्वस्वी निराधार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बी-सीरीज इंजिनात इंधन आत जाण्याची आणि जळलेला वायू बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला असल्यामुळे दोन्ही कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या उरावरच बसलेले असतात. धावती गाडी थांबवली की वाऱ्याचा झोत थांबतो, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळू लागते, आणि गाडी पुन्हा सुरू होण्यास नकार देते. म्हणून कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांमध्ये उष्णता अडवणारा पत्र्याचा पडदा असतो. जुन्या काळी अशा पडद्यांना ॲस्बेस्टॉसचे अस्तर देण्याची पद्धत होती. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी घातली, आणि एरवी प्रत्येक स्क्रू मूळचाच हवा म्हणणारा बॉनेटमार्तंड या एका ठिकाणी आधुनिकतेचा पुरस्कर्ता होतो.

पडद्यानंतर पाळी येते बल्कहेडची, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांचे पाय यांमधील पत्र्याच्या भिंतीची. तिच्या आतल्या अंगाला ब्यूटाइल रबराचे, वरून ॲल्युमिनियमचा वर्ख असलेले जड तक्ते रुळाने दाबून चिकटवले जातात; रबर पत्र्याची थरथर स्वतःत जिरवते, आणि टिचकी मारल्यावर ‘ठण्ण’ वाजणारा पत्रा ‘ठप्प’ वाजू लागतो. पत्र्याचा काही भाग झाकला तरी हे काम बरेचसे साधते, परंतु बॉनेटमार्तंड एक बोटभरही जागा उघडी ठेवत नाही, त्यामुळे हलकेपणासाठी घेतलेल्या गाडीचे वजन वाढत जाते. पुढे इंजिनकक्षातील ॲल्युमिनियमचे सगळे भाग आरशासारखे घासून तो पिस्तूल रोखतो, आणि आकडा खाली आलेला पाहून कृतार्थ होतो.

वस्तुतः चकचकीत धातू स्वतःचे अवरक्त किरण फारच थोडे सोडतो आणि सभोवतालचे किरण परतवतो, तर हे यंत्र समोरचा पृष्ठभाग निस्तेज आहे असे गृहीत धरून हिशेब करते. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ते रोखले की पुष्कळदा उत्तर मिळते ते गॅरेजच्या भिंतीचे. म्हणजे बॉनेटमार्तंड जितके घासतो तितका आकडा उतरतो, आणि आकडा जितका उतरतो तितका तो अधिक घासतो. पडदा उष्णता अडवतोच, पण किती, हे त्याच्या नोंदवहीतून कदापि कळणार नाही. तापत्या भागावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून मोजमाप घ्यावे, असा यावर साधा उपाय आहे. परंतु चकाकीवर पट्टी चिकटवायची, ही कल्पनाच त्याला असभ्य वाटते.

त्याच्या छळाची अखेर परिसीमा होते ती जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात. ॲबिंग्डनच्या कारखान्यातला एखादा जुना कामगार काठी टेकत येतो, बॉनेटखाली वाकून पाहतो, आणि ‘आम्ही एवढे नीट कधीच रंगवत नव्हतो’ असे सहज बोलून जातो. १९८० च्या ऑक्टोबरात बंद पडलेल्या त्या कारखान्यात रंगाचे ओघळ पुसायला सवड कोणाला होती? दुसरा कोणी हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकता. बॉनेटमार्तंड घरी जाऊन, अत्यंत बारीक कुंचल्याने, जुन्या छायाचित्राबरहुकूम दोन ओघळ काढतो.

आणि तरीही पावसात रस्त्याकडेला कोणाची जुनी गाडी बंद पडलेली दिसली की थांबतो तो हाच. धुतलेले कपडे, घासलेली नखे यांची तमा न बाळगता तो त्या अनोळखी, बरबटलेल्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालतो. पिस्तूल खिशातच राहते, कार्ब्युरेटर किती तापला ते तो हाताच्या पालथ्या बाजूने अचूक ओळखतो, आणि स्वतःसाठी जपून ठेवलेला फॅन बेल्ट काढून देतो. पैसे तो घेत नाही. मोबदला म्हणून स्वतःच्या गाडीचे बॉनेट उघडून दाखवण्याची परवानगी तेवढी मागतो, आणि पाऊस कितीही असला तरी समोरच्याला ती द्यावीच लागते.